रादोमचं ‘वीस’: आठ महिने आणि नऊशे राउंडनंतर

आधी नावाचा घोळ मिटवतो. लिहिताना आपण विस किंवा व्हिस काहीही लिहू, पण पोलिश माणूस या पिस्तुलाचं नाव ‘वीस’ असंच घेतो, आपल्या एकोणीस-वीसमधलं वीस. बायकोने बिल हातात घेऊन विचारलं नाव काय म्हणालास, म्हटलं वीस, तर म्हणे वीस काय, वीस हजार? मी गप्पच बसलो, कारण टॅक्स आणि ट्रान्सफरची फी धरून रुपयात तो आकडा सव्वा लाखाच्या पुढे जात होता, आणि एवढ्या पैशात मॅगझीनमध्ये राउंड, म्हणजे काडतुसं, किती, तर आठ. नावाने वीस, पोटात आठ.

मी मूळचा कोल्हापूरचा, गेली चौदा वर्षं शिकागोच्या बाहेर एका सबर्बमध्ये राहतो. आमच्या गल्लीत निम्मी घरं पोलिश, कोपऱ्यावरच्या बेकरीत पाटी आधी पोलिशमध्ये आणि मग इंग्रजीत. ग्रीन कार्ड झाल्यावर मी इथलं स्टेट पोलिसांचं फोयड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगायचं ओळखपत्र, काढलं आणि ग्लॉक १९ नावाचं प्लास्टिकच्या बॉडीचं पिस्तूल घेतलं, महिन्यातून दोनतीनदा रेंजला जातो, एवढाच माझा नाद. कोल्हापूरचा म्हटल्यावर नेमबाजीचा कळवळा असायचाच, तेजस्विनी सावंत आमची, राही सरनोबत आमची, आता स्वप्निल कुसाळे पण आमचाच, आणि मी मात्र पंधरा यार्डावर कागदाच्या कोपऱ्याला भोक पाडणारा. त्यामुळे हा अनुभव एका साध्या हौशी माणसाचा आहे एवढं धरून वाचा.

तर हे पिस्तूल म्हणजे पोलंडच्या सैन्याचं जुनं ‘वीस वझ. ३५’. वझ. म्हणजे व्झूर, नमुना किंवा मॉडेल. पिओत्र विल्न्येव्चित्स आणि यान स्कशिपिन्स्की या दोघांनी तीसच्या दशकात डिझाइन केलं, दोघांच्या आडनावांची अक्षरं जोडून आधी ‘विस’ झालं आणि मग लॅटिनमध्ये त्याच उच्चाराचा शब्द आहे, अर्थ ताकद, म्हणून ते स्पेलिंग घेतलं. रादोम गावातल्या सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात, फाब्रिका ब्रोनीमध्ये, ते बनायचं. रादोम म्हणजे वॉर्सापासून साधारण शंभर किलोमीटर दक्षिणेला. त्याच गावच्या त्याच नावाच्या कारखान्याने हे पिस्तूल पुन्हा बनवायला घेतलं. ९२ मध्ये एक छोटी बॅच झाली होती, २०१० मध्ये एक झाली, आणि मग २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता परत काढतो. माझ्याकडचं हे नव्या खेपेतलं, म्हणजे कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेतून निघालेलं जुनं पिस्तूल नाही, नवं कोरं, पण नकाशा १९३५ चा.

दुकानातली गंमत सांगतो. इलिनॉयमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, पैसे भरले तरी ७२ तास थांबावं लागतं, तोपर्यंत पिस्तूल दुकानातच. चौथ्या दिवशी घ्यायला गेलो तर काउंटरवरचा माणूस डाव्या बाजूचा मागचा खटका दाखवून मला ठणकावून सांगतोय की ही सेफ्टी, वर केली की लॉक. मी पण मान डोलावली. आणि ती सेफ्टी नाहीच! दिसायला हुबेहूब अमेरिकन १९११ पिस्तुलाच्या सेफ्टीसारखी, जागा पण तीच, पण तो नुसता खोलजोडीचा खटका आहे, स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागे ओढून अडकवून ठेवायला, म्हणजे पिस्तूल उघडताना दोन्ही हात मोकळे राहतात. या पिस्तुलाला अंगठ्याने लावायची सेफ्टीच नाही. मुठीच्या मागे दाबली जाणारी ग्रिप सेफ्टी आहे, मूठ नीट धरल्याशिवाय चाप काम करत नाही, बास. मॅन्युअल घरी येऊन वाचलं ते बरं झालं. कोणी घेणार असेल तर दुकानदाराचं ऐकून ‘सेफ्टी लावलीय’ म्हणून निर्धास्त राहू नका हो, हे या सगळ्या लिखाणातलं सगळ्यात कामाचं वाक्य समजा.

खरी मजा आहे ती त्याच्या वरच्या खटक्यात, स्लाइडवर डावीकडे मागे असलेल्या. हा डीकॉकर. पोलिश सैन्यात घोडदळ मोठं होतं, आणि घोडेस्वाराच्या एका हातात लगाम असणार, मग नळीत राउंड असताना पिस्तुलाचा उठलेला घोडा, म्हणजे हॅमर, एकाच हाताने सुखरूप खाली कसा बसवायचा? म्हणून हा खटका. अंगठ्याने दाबला की आतली फायरिंग पिन आत ओढली जाते आणि मग घोडा धाडकन पडतो, पण गोळीला काही लागत नाही. परत वेळ आली की अंगठ्याने घोडा उचलायचा आणि चाप ओढायचा. आपल्याकडे हॅमरला घोडाच म्हणतात, मुंबईच्या भाईलोकांत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, त्यामुळे घोड्यावर बसून घोडा पाडायचं यंत्र हे मला मराठीत सांगायला लई आवडतं, इंग्रजीत ती मजा नाही.

पण खरं सांगू, पहिल्यांदा तो खटका दाबायला हात धजेना. नव्वद वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी कल्पनेवर विश्वास ठेवून भरलेल्या पिस्तुलाचा घोडा पाडायचा? मग पेन्सिलची जुनी युक्ती केली. पिस्तूल रिकामं, दोनदा तपासलेलं, मॅगझीन बाहेर, काडतुसं दुसऱ्या खोलीत. नळी छताकडे करून पोराची पेन्सिल खोडरबराच्या बाजूने आत सोडली. चाप ओढला, पेन्सिल टुणकन उडून नळीच्या बाहेर. परत सोडली, घोडा चढवला, या वेळी डीकॉकर दाबला, घोडा तितक्याच जोरात पडला पण पेन्सिल जागच्या जागी जेमतेम थरथरली. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. पोरगा दारात उभा राहून म्हणतोय बाबा माझी पेन्सिल. तरीसुद्धा रेंजवर अजूनही टारगेटकडे तोंड करूनच दाबतो, ती सवय सोडणार नाही.

आता चालवण्याचं. वजन रिकामं एक किलोच्या आसपास, सगळं पोलाद, लांबी साडेवीस सेंटीमीटर. ग्लॉक सहाशे ग्रॅमची, त्यामुळे हातात घेतल्यावर पहिलं वाटतं ते हे की बापरे, वजनकाटाच उचलला. पण पहिल्या मॅगझीननंतर कळतं की या वजनाची किंमत वसूल होते. गोळी तीच ९ एमएम, पण झटका असा की जणू कोणी खांद्यावर हळूच थाप मारली, वर उडी मारतच नाही. मूठ त्रिकोणी आहे, खाली रुंद होत जाते, आणि माझा हात काही मोठा नाही तरी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सगळी बोटं बसतात. ग्लॉक मी पकडतो, हे आपोआप हातात बसतं. चाप १९११ सारखा सरळ मागे सरकणारा, सुरुवातीला जरा खरखरीत वाटला, चारएकशे राउंडनंतर तो खरखरीतपणा गेला की माझं बोट सरावलं देव जाणे.

पंधरा यार्डावर ग्लॉकने माझे दहा राउंड थाळीएवढ्या जागेत पडतात. याने पहिल्या महिन्यात पण थाळीच, तिसऱ्या महिन्यात वाटीवर आलो आणि आता चांगल्या दिवशी वाटीच्या आतच. वाईट दिवशी काय, परातसुद्धा पुरत नाही.

साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हा मात्र रडायचा विषय आहे. त्या काळात साइट म्हणजे मागे एक बारीक खाच आणि पुढे एक पातं, इतकंच, आणि नव्यातही तसंच ठेवलंय, जुन्याची हुबेहूब नक्कल म्हटल्यावर ठेवणारच. माझं वय सत्तेचाळीस, जवळचा चश्मा लागलाय, रेंजच्या पिवळट दिव्यात काळ्या पात्यावर काळी खाच म्हणजे अमावस्येला काळी मांजर शोधणं. शेवटी बायकोच्या ड्रेसिंग टेबलवरून नारिंगी नेलपॉलिश उचललं आणि पुढच्या पात्याच्या टोकाला टूथपिकने एक ठिपका दिला. शौकीन लोक शिव्या देतील, देऊ देत. पुसायला एक मिनिट लागतं आणि मला दिसतं.

काडतुसांबद्दल. ११५ आणि १२४ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साध्या गोल टोकाच्या गोळ्या, सगळं सुरळीत. पोकळ टोकाच्या एका पाकिटातल्या पन्नासपैकी चार गोळ्या रॅम्पवर, म्हणजे नळीत शिरायच्या उतारावर, अडकल्या. तक्रार नाही, ज्या काळात हे काढलं तेव्हा सैन्याची गोळी गोल टोकाचीच असायची, नळीचं तोंड त्याच हिशोबाने आहे. घरात संरक्षणासाठी म्हणून हे कोणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत, त्यासाठी ग्लॉक आहेच, आणि तीही तिजोरीत.

मग नऊशे राउंडमध्ये बंद किती वेळा पडलं? त्या चार पोकळ गोळ्या सोडल्या तर सहा वेळा, आणि सहाही एकाच मॅगझीनमध्ये. तो माझाच लोभ. जास्तीची मॅगझीन सहज मिळत नाही म्हणून मी एका विक्रेत्याकडून ‘युद्धातली ओरिजिनल’ म्हणून एक मागवली, ऐंशी डॉलर घालवले. आली तेव्हा छान तेल लावून चमकवलेली, आत स्प्रिंग मेलेली आणि वरचे ओठ एका बाजूला किंचित उघडलेले, की शेवटचे दोन राउंड नाक वर करून उभे राहतात. परत पाठवतो म्हटलं तर उत्तरच नाही. ओरिजिनल होती का नव्हती तेही कळलं नाही, आता ती पेपरवेट आहे.

एकदा गंज पण पकडला. उन्हाळ्यात सहासात आठवडे गावी आलो होतो आणि जाताना शहाणपणाने पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये तसंच तिजोरीत ठेवलं, बेसमेंटमध्ये. शिकागोचा उन्हाळा दमट, बेसमेंट त्याहून दमट, आणि चामडं ओल धरून ठेवतं. परत आलो तर स्लाइडच्या उजव्या बाजूला तीन लाल ठिपके, मोहरीएवढे. अंगावर काटा आला, कारण ते ब्लूइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला रंगाचा थर, इतकं खोल काळंनिळं आहे ना, की उजेडात फिरवलं की जांभळाच्या सालीसारखं दिसतं. तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने हळूहळू काढले, जवळून बघितलं तर एक जागा अजून फिकी दिसते. प्लास्टिकच्या जमान्यात वाढलेल्या माणसाला पोलाद सांभाळायची अक्कल अशी येते. आता होल्स्टर वेगळं, पिस्तूल वेगळं, आणि बिर्याणीच्या मसाल्याच्या डब्यातून काढलेल्या, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या तिजोरीत.

साफ करणं हा माझा आवडता भाग. किचन टेबलवर पेपर पसरायचा, स्लाइड मागे, तो ‘सेफ्टी’वाला खटका वर करून अडकवायची, पुढून रिकॉइल स्प्रिंगची दांडी चिमटीत धरून थोडी ओढायची आणि दुसऱ्या हाताने स्लाइड स्टॉपची पिन बाहेर. ही दांडी पिनेला आतून धरून ठेवते म्हणून पिन आपली आपण सरकत नाही, इतकं साधं आणि इतकं हुशार. पहिल्यांदा मला हे माहीत नव्हतं, मी पिनेला वीस मिनिटं नुसता कुथत होतो आणि फ्रेमवर एक बारीक चंद्रकोर ओरखडली, तो ओरखडा माझा, कारखान्याचा नाही. स्लाइड निघाली की नळी हातात येते आणि तिच्या पोटाखालचं तिरकं बोट दिसतं. १९११ मध्ये इथे हलणारी कडी असते, तिच्या जोरावर नळी खाली उतरते, इथे कडी नाही, तिरक्या उतारावरून नळी आपोआप खाली येते. ब्राउनिंग हाय पॉवरमध्ये हीच पद्धत. आणि हाय पॉवर म्हणजे परकं नाही, आपल्या सैन्यातलं ईशापूरचं ९ एमएम पिस्तूल त्याचीच आवृत्ती, माझे मामा फौजेत होते, त्यांच्या कमरेला तेच. म्हणजे आमच्या मामांचं पिस्तूल आणि हे पोलिश, चुलतभावंडंच म्हणा.

आता शेजारच्या पोलिश काकांचं. वय ऐंशीच्या जवळ, मी त्यांना ‘पान’ म्हणतो, त्यांच्यात पान म्हणजे आपल्याकडचं ‘राव’. पहिल्यांदा पान म्हणताना मला रंकाळ्यावरचा पानवाला आठवला होता. त्यांच्याकडे एक जुनं वीस आहे, इथेच एका अमेरिकन सैनिकाच्या घरच्यांकडून घेतलेलं. इथे जुनी दिसतात ती बहुतेक अशीच, सैनिकांनी युरोपातून आणलेली, आणि बहुतेक जर्मन काळातली. सप्टेंबर ३९ च्या आधी पोलंडने साधारण पन्नास हजार बनवली असतील, मग जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला आणि तिथेच, त्याच पोलिश कामगारांकडून, तीन लाखांच्या वर काढून घेतली. काकांच्या पिस्तुलावर पी-३५ लिहिलंय आणि पुढे कंसात छोटा पी, तो पोलिशचा. गरुड आहे, पण जर्मन तपासनिसाच्या शिक्क्यातला चिमुकला गरुड. माझं आणि त्यांचं शेजारी ठेवलं तर फरक कळायला तज्ज्ञ नको, त्यांच्या स्लाइडवर कानशीच्या खुणा उघड दिसतात, मागचा तो खोलजोडीचा खटका तर नाहीच, युद्धाच्या शेवटी वेळ आणि खर्च वाचवायला काढून टाकला होता.

काकांनीच सांगितलं की जर्मनांना भीती होती कामगार चोरून अख्खी पिस्तुलं बनवतील, म्हणून नळ्या रादोममध्ये बनवूच देत नव्हते, त्या ऑस्ट्रियातल्या श्टायरहून यायच्या. तरी लोकांनी सुटे भाग डब्यातून, कपड्यातून बाहेर काढलेच, नळ्या चोरून दुसरीकडे बनवल्या आणि जोडलेली पिस्तुलं भूमिगत सैन्याकडे गेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा कारखान्याच्या कामगारांना रादोममध्ये लोकांसमोर फाशी दिलं. काका हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावर पिस्तुलाच्या मुठीच्या पट्टीवरून अंगठा फिरवत होते, त्या पट्टीवर एका बाजूला त्रिकोणात वीस आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याची एफबी ही अक्षरं. युद्धानंतर त्याच कारखान्यात रशियन टीटी पिस्तूल बनायला लागलं, वीस परत आलं नाही. मग माझं नवं उचललं, स्लाइडवरचा पोलंडचा मुकुटवाला गरुड चश्मा वर करून बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाले, हा बरोबर आहे.

त्यानंतर मी त्यांना कोल्हापूरचं सांगितलं. त्यांना पत्ताच नव्हता की १९४३ ते ४८ मध्ये आमच्या वळिवड्याला पाचएक हजार पोलिश लोक राहत होते, बायका, म्हातारे आणि पोरं, रशियाने हाकलून सायबेरियाकडे नेलेले आणि तिथून इराणमार्गे आलेले. माझी आजी त्या बाजूची, ती सांगायची की गोऱ्या बायका बाजारात येऊन वांग्याचा भाव मराठीत पाडायच्या. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी लोक राहिले, तेच आजचं गांधीनगर, कापड घ्यायला अख्खं कोल्हापूर जातं ते. काका खुर्चीतून उठले, आत जाऊन बायकोला बोलावून आणलं आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. वांग्याचा भाव पाडायचा किस्सा तर तीनदा.

मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारलंच, अरे एवढ्या पैशात दोन ग्लॉक आल्या असत्या, हे काय घेऊन बसलास. आल्या असत्या की, अडीच आल्या असत्या. त्याला मी काही पटवायला गेलो नाही. वापराच्या हिशोबाने हे पिस्तूल हरतंच, राउंड कमी, वजन जास्त, साइट दिसत नाही, मॅगझीन मिळत नाही, पोकळ गोळी खात नाही, कपाटात ठेवून विसरलात तर गंजतं. हे सगळं माहीत असून रेंजला जाताना बॅगेत पहिलं मी हेच टाकतो. जे जुनं बघून घेणार असतील त्यांना एक सांगेन, भिंतीवर टांगायला घ्यायचं तर जुनंच घ्या, त्याच्यावर जे शिक्के आहेत ते नव्यात येणार नाहीत. पण गोळ्या झाडायच्या असतील तर ऐंशी वर्षांचं, घाईत बनवलेलं, कोणी काय केलंय माहीत नाही असं पोलाद हातात फुटायची भीती बाळगत कशाला वापरता, त्यापेक्षा नवं बरं, ओरखडे आपले आपण पाडता येतात.

मागच्या शनिवारी काकांना रेंजवर घेऊन गेलो. त्यांचं जुनं त्यांनी कधीच झाडलेलं नाही, म्हणतात ते तसंच राहू दे. माझ्याने दोन मॅगझीन मारल्या, सोळा राउंड, हात थोडा थरथरत होता, तीन कागदाच्या बाहेर, बाकीचे आत. दुसरी मॅगझीन त्यांच्या जुन्या पिस्तुलाची होती, माझ्यात जरा घट्ट बसते पण आठच्या आठ राउंड न अडकता गेले. ती अजून माझ्याच बॅगेत राहिलीय, उद्या नेऊन द्यायचीय, आणि काकूंनी वांग्याच्या भरीताची रेसिपी मागितलीय ती पण लिहून न्यायचीय.